समभाषारेषा

एखादा उच्चार, शब्द, प्रत्यय किंवा वाक्यरचना बोलण्यात कुठपर्यंत आढळते, ती हद्द दाखवण्यासाठी नकाशावर काढलेली रेषा म्हणजे समभाषारेषा. लात्वियातील बोलींचे अभ्यासक आउगुस्ट बीलेनश्टाइन यांनी १८९२ मध्ये ही संज्ञा वापरात आणली. रेषा एका वैशिष्ट्याची असते, सबंध बोलीची नव्हे. हे विसरले की ‘अहिराणी इथे संपते आणि वऱ्हाडी इथे सुरू होते’ असली विधाने होऊ लागतात.

मराठी मुलखातच पाहा. ‘डोळा’चा ‘डोया’ आणि ‘काळा’चा ‘काया’ खानदेशात होतो, तसाच वऱ्हाडातही होतो; ‘ळ’ची रेषा या दोन्ही प्रदेशांना एका बाजूला टाकते. ‘माझा, तुझा’ऐवजी ‘मना, तुना’ म्हणणारा पट्टा मात्र खानदेशाचा, त्यात वऱ्हाड येत नाही. ‘पोट्टा’ आणि ‘जाऊन राहिलो’ ही विदर्भाची ओळख, त्यात खानदेश नाही. मुलग्याला झील आणि मुलीला चेडू म्हणणारा मालवणी टापू या सगळ्यांपासून दूर, कोकणीला लागून. या रेषा एकमेकींना छेदतात. जिथे बऱ्याच रेषा जवळजवळ येऊन जुडी बांधतात, तिथेच बोलीची सीमा मानण्यास आधार मिळतो. त्यातही उच्चाराच्या आणि प्रत्ययाच्या रेषांना सुट्या शब्दांच्या रेषांपेक्षा जास्त वजन द्यावे लागते, कारण शब्द बाजारहाटाबरोबर सहज प्रवास करतो, प्रत्यय तसा करत नाही.

रेषांच्या या गुंत्याचे अभिजात उदाहरण जर्मनीतील ऱ्हाइनकाठचे आहे. गेओर्ग वेंकर यांनी १८७६ पासून गावोगावच्या शाळामास्तरांना वाक्यांच्या याद्या पाठवल्या. पुढे ४० वाक्यांची यादी ठरली आणि ४० हजारांहून अधिक उत्तरे जमली. ध्वनिबदल नियमाने होत असेल तर उत्तर आणि दक्षिण जर्मन यांच्यात एकच ठळक रेषा मिळायला हवी होती. पूर्वेकडे सगळे बऱ्यापैकी एकत्र राहते. ऱ्हाइनजवळ येताच रेषा पंख्यासारख्या फाकतात. ‘इक–इश’ (मी; जोडीतले पहिले रूप उत्तरेचे, दुसरे दक्षिणेचे) ही रेषा उर्डिंगेनजवळ नदी ओलांडते आणि ‘माकेन–माखेन’ (करणे) ही तिच्या दक्षिणेस बेनराटजवळ. ‘दोर्प–दोर्फ’ (गाव) आणि ‘दात–दास’ (ते) यांच्या रेषा आणखी खाली जातात. उर्डिंगेन आणि बेनराट यांच्या मधल्या पट्ट्यात म्हणूनच ‘इश’ आणि ‘माकेन’ एकाच तोंडी नांदतात. टेओडोर फ्रिंग्ज यांनी या रेषांची सांगड कलोन आणि ट्रीर येथील आर्चबिशपांच्या जुन्या संस्थानी हद्दींशी घातली. लोक ज्या शहराच्या कचेरीत, बाजारात आणि चर्चमध्ये जातात, तिकडची भाषा उचलतात.

डोंगर-नद्यांवर सगळा भार टाकणारी स्पष्टीकरणे यामुळे तपासून घ्यावी लागतात. सह्याद्रीचा कडा अडथळा आहे, पण घाटवाटांनी शतकानुशतके मिठाचा आणि धान्याचा व्यापार चालला. उलट मराठवाड्यात १९४८ पर्यंत निजामाची राजवट होती आणि नागपूर १९५६ पर्यंत हिंदी भाषकांबरोबर एका प्रांतात होते. या राजकीय हद्दींच्या खुणा बोलण्यात स्पष्ट दिसतात. ‘जाऊन राहिलो’मागे हिंदीचा ‘जा रहा हूँ’ उघड ऐकू येतो.

रेषा काढण्याचे काम सुरू होते ते गावे निवडण्यापासून. गावांमधील अंतर ३० किलोमीटर असेल, तर दोन वेगळी उत्तरे देणाऱ्या शेजारी गावांच्या मधोमध काढलेली रेषा १५ किलोमीटरपर्यंत चुकू शकते. जिथे फरक सापडतो तिथे मधली गावे पुन्हा घेतली, तरच ती पक्की होते. फ्रान्सच्या नकाशासंग्रहासाठी एदमों एदमों यांनी १८९७ ते १९०१ या काळात ६३९ ठिकाणी स्वतः जाऊन नोंदी केल्या. टपालाने मागवलेल्या वेंकर यांच्या उत्तरांत ठिकाणे भरपूर, पण मास्तराच्या लिपीत उच्चार पुरता उतरत नाही. एदमों यांच्या नोंदींत उच्चार नेमका आणि जाळे विरळ. दोन्ही एकदम साधणे खर्चाचे काम आहे.

प्रश्न विचारताना शब्द आपल्या तोंडून जाऊ द्यायचा नाही. ‘तुमच्याकडे डोळ्याला काय म्हणतात?’ असे विचारले की ‘डोळा’च परत मिळतो, बोटाने दाखवावे किंवा चित्र ठेवावे. ‘मुलगा’ हा एक प्रश्न नसून दोन आहेत: रस्त्यावरचा कोणी मुलगा वेगळा आणि स्वतःचा वेगळा. पहिल्याला पोट्टा म्हणणारा माणूस दुसऱ्याला लेक म्हणेल, आणि दोन्ही उत्तरे एका नकाशावर मांडली तर भलतीच रेषा तयार होते. शाळेच्या ओट्यावर घेतलेल्या मुलाखतीत पाठ्यपुस्तकी मराठी येते. शेतात किंवा चुलीजवळ घेतलेली बरी. जुन्या पाहण्यांत गाव न सोडलेले, वयस्कर, ग्रामीण पुरुषच पसंत केले जात. त्यामुळे जुने रूप हाती लागते, पण बायका, तरुण आणि कामासाठी शहरात जाऊन आलेले लोक नकाशातून गळतात. आपल्याकडे जातीचा प्रश्न वेगळाच: एकाच गावात एका आळीत ‘डोळा’ आणि दुसरीत ‘डोया’ ऐकू येतो. अशा गावाला एकच खूण देणारा नकाशा चुकीचा असतो.

रेषा म्हणजे भिंत नव्हे, तिच्या दोन्ही बाजूंना संक्रमण-पट्टा असतो. इंग्लंडमध्ये ‘कप’मधला स्वर उत्तरेत ‘उ’कडे आणि दक्षिणेत ‘अ’कडे झुकतो. मधल्या भागात काही जण दोन्ही आलटून-पालटून वापरतात, तर काहींनी अधलामधला तिसराच स्वर घडवला आहे. सोलापूर-कोल्हापूरच्या दक्षिण पट्ट्यात ‘मी काम केलो’ ही रचना ऐकू येते, तिथे शेजारच्या द्राविडी भाषांचा प्रभाव थेट वाक्यरचनेत उतरला आहे. सांगलीजवळच्या कुपवाडवर जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास याचे टोक दाखवतो: तिथली मराठी, कन्नड आणि उर्दू शब्द आपापले राखून व्याकरणात इतक्या जवळ आल्या की वाक्ये जवळपास शब्दाला शब्द जुळतात. तिथे नकाशावर कुठलीही रेषा ओढली तरी ती घराघरांतून जाईल.

तंजावरची मराठी हा आणखी निराळा प्रकार. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांबरोबर गेलेली भाषा तमिळने चहूबाजूंनी वेढलेली राहिली. अशा भाषाद्वीपाभोवती रेषा नव्हे, वर्तुळ काढावे लागते.

जनगणनेच्या मातृभाषा-तक्त्यांवरून समभाषारेषा काढण्याचा मोह टाळावा. तिथे लोक भाषेचे नाव सांगतात, रूपे नाहीत, आणि ती नावे नंतर गटांत घातली जातात. २०११ च्या जनगणनेत अहिराणी ही खानदेशी या स्वतंत्र भाषेखाली मोजली गेली (खानदेशीचे एकूण भाषक सुमारे १८ लाख ६० हजार) आणि मालवणी कोकणीखाली. घरी अहिराणी बोलून गणकाला ‘मराठी’ सांगणारे मराठीत धरले गेले.