ईशान्य सीमेवरील ब्रिटिश दौरा-डायऱ्या: राष्ट्रीय अभिलेखागारातील अर्ज, कागदपत्रे आणि वाचनातील अडचणी

आजच्या अरुणाचल प्रदेशातील आदी, न्यिशी, मिश्मी समाजांविषयी १९४७ पूर्वीचे बरेचसे लेखन ब्रिटिश पोलिटिकल ऑफिसरांच्या (सीमाभागाचा कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्यांच्या) दौरा-डायऱ्यांत, म्हणजे दौऱ्यात लिहिलेल्या नोंदींत, आहे. त्यांच्या प्रती दिल्लीत जनपथावरील राष्ट्रीय अभिलेखागारात पाहता येतात.

तेथे वाचनाच्या परवानगीसाठी अर्ज करताना कागदपत्रे थोडीच लागतात. भारतीय संशोधकाने फोटो ओळखपत्र आणि संस्थेचे किंवा मार्गदर्शकाचे शिफारसपत्र जोडावे. परदेशी नागरिकाला पासपोर्ट, व्हिसा, आपल्या संस्थेचे आणि दूतावासाचे पत्रही लागते. पत्रात विषय, प्रदेश आणि कालखंड स्पष्ट लिहून घ्या.

दिल्ली गाठण्याआधी अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर शोध घ्या. स्कॅन झालेल्या फायली घरबसल्या वाचता येतात. शोध मात्र जुन्या नावांनी करावा लागतो: आदींसाठी ‘अबोर’, न्यिशींसाठी ‘डफला’, इदू मिश्मींसाठी ‘चुलिकाटा’. ही नावे बाहेरच्यांनी दिलेली आहेत. ती शोधापुरतीच वापरा, स्वतःच्या लेखनात आणू नका. प्रशासनाची नावेही बदलत गेली. १९११-१२ च्या अबोर मोहिमेच्या (आदींविरुद्धच्या ब्रिटिश लष्करी कारवाईच्या) वेळी हा भाग ‘पूर्व बंगाल आणि आसाम’ प्रांताखाली होता, त्यामुळे फक्त ‘आसाम’ शोधले तर महत्त्वाचे कागद निसटतात. १९१९ नंतरसाठी ‘सदिया’ आणि ‘बालिपारा फ्रंटियर ट्रॅक्ट’ (सीमाभागाचे प्रशासकीय विभाग) हे शब्द घ्या.

अभिलेखागारात फाइल मागण्याच्या चिठ्ठीवर खाते, शाखा, महिना-वर्ष, भाग ए (महत्त्वाचे कागद) की बी (नेहमीचे कागद) आणि प्रोसीडिंग (कामकाजाच्या नोंदीचा) क्रमांक हवा. एक तपशील चुकला तरी चिठ्ठी परत येते. ‘एनटी’ (नॉट ट्रान्सफर्ड) असा शेरा आला तर फाइल अभिलेखागाराकडे आलेलीच नाही, आणि ‘ब्रिटल’ म्हणजे कागद हाताळण्याजोगा नाही. सीमारेषा आणि नकाशांच्या फायली नाकारल्या जाऊ शकतात. अशा वेळी लंडनला गेलेली प्रत ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस रेकॉर्ड्स या ब्रिटिशकालीन भारताच्या कागदसंग्रहात शोधावी.

आकडे वाचताना विशेष जपा. अधिकारी वाटेतली घरे मोजत आणि त्यावरून लोकसंख्येचा अंदाज बांधत. न्यिशींच्या लांब घरात मात्र एका छपराखाली अनेक चुली असतात. घरामागे पाच माणसे धरली तर गाव निम्म्याहूनही लहान दिसते. एखादे गाव ‘ओसाड’ लिहिलेले असेल तर तारीख पाहा: लोक झूमच्या (जंगल तोडून-जाळून केलेल्या फिरत्या शेतीच्या) शेतावर गेलेले असू शकतात, किंवा हमाल म्हणून पकडले जाऊ या भीतीने जंगलात. ‘शत्रुत्वाची वृत्ती’ असा शेरा दिसला की त्या दौऱ्याबरोबर किती शिपाई होते, हे आधी शोधा.

नोंदी गावात पडताळायच्या असतील तर राज्याबाहेरच्या भारतीय नागरिकाला इनर लाइन परमिट लागते. त्याचा अर्ज ऑनलाइन करता येतो. हे परमिट फक्त प्रवेशाचे. मुलाखतींसाठी गावबुढा (गावचा प्रमुख) आणि ज्या कुटुंबांविषयी डायरीत लिहिले आहे त्यांची संमती वेगळी घ्या, आणि त्या पानांची प्रत त्यांना द्या.