राणीच्या बागेतले संग्रहालय आणि काळ्या घोड्याजवळचे संग्रहालय

2024 च्या जुलैमध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून वाघनखे साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात आली, तेव्हापासून आमच्याकडे एक जुना घोळ अधिकच वाढला आहे. शनिवार-रविवारी मुंबईला जाणारी मंडळी विचारतात, की व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट मुंबईतही होते ना, आणि महाराजांच्या नावाचे संग्रहालय तर आपल्या गावातच आहे, मग मुंबईत पाहायचे ते नेमके कोणते? हा प्रश्न रास्त आहे, कारण मुंबईत दोन मोठी जुनी संग्रहालये आहेत, दोन्हींची मूळ नावे इंग्लंडच्या राजघराण्यावरून पडली होती आणि दोन्हींची नावे पुढे बदलली. चौपाटी आणि खरेदी यांत दोन दिवस न घालवता काही निराळे पाहावे असे ज्यांना वाटते, त्यांनी हा फरक आधी समजून घ्यावा.

भायखळ्याला राणीच्या बागेत, म्हणजे आजच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात आहे ते डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. फोर्ट भागात काळ्या घोड्याजवळ आहे ते छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. पहिले 1872 साली व्हिक्टोरिया राणी आणि तिचे पती अल्बर्ट यांच्या नावाने खुले झाले आणि 1975 साली त्याला आजचे नाव मिळाले. दुसऱ्याची कोनशिला 1905 साली त्यांच्या नातवाने, तेव्हाच्या प्रिन्स ऑफ वेल्सने, बसवली, आणि त्यावरूनच त्याचे मूळ नाव प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालय असे पडले. इमारत 1914 साली पूर्ण झाली, पण पहिल्या महायुद्धात तिथे लष्करी रुग्णालय चालले आणि लोकांसाठी ती उघडली 1922 साली. आजी-आजोबांचे भायखळ्याला आणि नातवाचे फोर्टात, एवढे ध्यानात ठेवले तरी घोटाळा होत नाही.

खरा फरक मात्र नावांत नसून हेतूत आहे. भायखळ्याच्या संग्रहालयामागे लंडन आणि पॅरिसच्या औद्योगिक प्रदर्शनांची प्रेरणा होती: इथले कारागीर काय घडवतात, कोणत्या मालापासून घडवतात, हे एका जागी मांडून दाखवावे, असा विचार त्यामागे होता. त्यासाठी नाना शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांनी जे कष्ट घेतले, त्यांची आठवण संग्रहालयाच्या आजच्या नावात राहिली, हे मला फार योग्य वाटते. भाऊ दाजी हे वैद्यकीचे शिक्षण घेतलेले डॉक्टर होते आणि प्राचीन लेखांचे अभ्यासकही होते. आत गेल्यावर सोनेरी नक्षीचे लोखंडी खांब आणि रंगीत फरशा यांनीच माणूस थबकतो, पण खरा वेळ द्यावा तो वरच्या मजल्याला. तिथे मातीच्या लहान लहान बाहुल्यांतून निरनिराळ्या जातीजमातींचे पोशाख आणि धंदे दाखवले आहेत, मुंबईचे जुने नकाशे आहेत, पारशी समाजाच्या दख्म्याची, म्हणजे मृतदेह ठेवण्याच्या मनोऱ्याची, प्रतिकृतीही आहे. सात बेटांचे एक शहर कसे झाले हे ज्याला पाहायचे आहे, त्याने एकेका कपाटापुढे निवांत उभे राहावे. आमच्या भागातली कितीतरी घरे गिरण्यांच्या मुंबईवर जगली, आणि त्या मुंबईची पूर्वपीठिका मला इथे जशी दिसली तशी अन्यत्र दिसली नाही.

फोर्टातले संग्रहालय याच्या उलट, शहराच्या पलीकडे पाहणारे आहे. सिंधमधल्या मीरपूर खासचे बौद्ध मृत्तिकाशिल्प, लघुचित्रे, अकबराचे चिलखत, जमशेटजी टाटांचे मुलगे सर रतन आणि सर दोराबजी यांनी दिलेले देशोदेशीचे कलासंग्रह, असा त्याचा पसारा आहे. एका फेरीत ते पुरे होत नाही, म्हणून दोन-तीन दालने आधी ठरवूनच आत जावे. सातारकरांनी एक धागा जरूर लक्षात ठेवावा: सेठ पुरुषोत्तम मावजी यांचा जो संग्रह 1915 साली इथे आला, त्यात नाना फडणविसांच्या संग्रहातील वस्तूही होत्या, आणि त्याच नानांचा वाडा आपल्या वाईजवळ मेणवलीला कृष्णाकाठी उभा आहे. वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांनी इमारत रचताना विजापूरच्या गोलघुमटाचाही आधार घेतला, त्यामुळे जतकडून विजापूरला जाऊन आलेल्या सांगलीकरांना ती ओळखीची वाटेल.

घोळ वाढवणाऱ्या आणखी दोन गोष्टी आहेत. ज्या दगडी हत्तीमुळे घारापुरीला एलिफंटा म्हणू लागले, तो हत्ती घारापुरीत नाही. 1864 साली इंग्लंडला नेण्यासाठी उचलताना तो कोसळून फुटला, आणि तुकडे जुळवून 1914 साली पुन्हा उभा केलेला तो हत्ती भायखळ्याच्या संग्रहालयाबाहेर आहे. तसेच काळ्या घोड्याचे. व्हिक्टोरिया राणीचा मुलगा एडवर्ड याचा 1879 सालचा अश्वारूढ पुतळा, ज्यावरून त्या चौकाला नाव पडले, तो 1965 साली तिथून हलवला आणि आता तोही राणीच्या बागेतच आहे. चौकात आज दिसतो तो 2017 साली बसवलेला, स्वाराविना असलेला नवा घोडा.

या कारणाने मी क्रम असा सुचवीन. सांगली, मिरज आणि सातारा या तिन्ही स्थानकांवर थांबणारी महालक्ष्मी एक्सप्रेस रात्री पकडावी, ती सकाळी मुंबईला पोचवते. शनिवारी भायखळा करावे, कारण रविवारी पेंग्विन पाहायला येणाऱ्यांची राणीच्या बागेत अतोनात गर्दी असते. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून धीम्या लोकलने भायखळा हे तिसरे स्थानक आहे, आणि पूर्वेला उतरून बागेपर्यंत चालत जाता येते. रविवारी कचेऱ्या बंद असल्याने फोर्टातले रस्ते मोकळे असतात, तेव्हा त्या दिवशी दुसरे संग्रहालय पाहावे. तिथून बाहेर पडल्यावर चार पावले चालून काळ्या घोड्याच्या चौकात थोडे थांबावे. आदल्या दिवशी भायखळ्याला घोड्यावरचा स्वार पाहिलेला असेल, तर ती रिकामी पाठ पाहताना काय कुठून उचलून कुठे नेले गेले हे वेगळे सांगावे लागत नाही.