स्टोरीकोरच्या आधीचा डेव्ह आयसे

साध्या माणसांच्या गप्पा रेकॉर्ड करून जपणाऱ्या स्टोरीकोर या अमेरिकन उपक्रमाची अ‍ॅनिमेशन्स यूट्यूबवर बऱ्याच जणांनी बघितली असतील, पण तो उपक्रम सुरू करणारा डेव्ह आयसे आधी बरीच वर्षं एकटा फिरून रेडिओ डॉक्युमेंट्री करायचा. खरी गंमत त्या काळात आहे.

ऐंशीच्या दशकाचा शेवट, न्यूयॉर्क, पोराला मेडिकलला अ‍ॅडमिशन मिळालेली. ईस्ट व्हिलेजमध्ये त्याला एक जोडपं भेटलं, दोघंही हेरॉइनमधून सुटलेले, एचआयव्ही झालेले, आणि मरायच्या आधी व्यसनांचं म्युझियम काढायचं म्हणून धडपडत होते. यानं रेडिओ स्टेशनांना फोन लावले, कोणी दाद देईना, शेवटी डब्ल्यूबीएआय या तिथल्याच रेडिओ स्टेशनची एमी गुडमन म्हणाली विषय मस्तय पण माणूस नाहीये, तूच कर की. केलं, ते एनपीआर या अमेरिकेच्या सार्वजनिक रेडिओच्या एका प्रोड्यूसरच्या कानावर पडलं, देशभर लागलं आणि मेडिकल राहिलं बाजूला. (आपल्याकडे असं काम घेऊन जायचं कुठे? खासगी एफएमला तर स्वतःच्या बातम्या द्यायलाही परवानगी नाही.)

मग 1993 मध्ये शिकागोच्या आयडा बी. वेल्स या गरिबांसाठीच्या सरकारी वस्तीच्या परिसरातल्या 13-14 वर्षांच्या दोन पोरांच्या हातात त्यानं रेकॉर्डर दिला. त्यातला लीअ‍ॅलन जोन्स घरातच माइक धरून आईला आपल्या बापाबद्दल विचारतो. हे बाहेरच्या रिपोर्टरला जन्मात जमलं नसतं. पण बाहेरचा गोरा माणूस माइक देतो आणि एडिटिंगची कात्री स्वतःकडे ठेवतो, हा आक्षेप मला तरी पटतो.

1994 ला साउंड पोर्ट्रेट्स ही स्वतःची निर्मिती संस्था काढली तरी पद्धत तीच, बोलणारा आतलाच हवा. न्यूयॉर्कच्या बावरी रस्त्यावरच्या सनशाइन हॉटेल या अगदी स्वस्त लॉजची गोष्ट तिथला मॅनेजर सांगतो, आणि 2000 मध्ये टेक्सासच्या हंट्सव्हिल तुरुंगातल्या फाशीघरावर केलं त्याचं निवेदन थेट वॉर्डनचं. म्हणायला फाशीघर, देतात इंजेक्शनच. आवाज कुठेही चढत नाही, कैद्याला टेबलाला बांधणारे गार्ड शांतपणे आपलं काम सांगतात आणि ऐकताना पोटात ढवळतं.

ऑक्टोबर 2003 मध्ये न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनात स्टोरीकोरचा रेकॉर्डिंग बूथ आला, फीत कापायला साध्या माणसांच्या मुलाखतींसाठी गाजलेले 91 वर्षांचे लेखक स्टड्स टर्केल. स्टोरीकोरच्या रेकॉर्डिंगला प्रोड्यूसर नसतोच, जवळची दोन माणसं 40 मिनिटं एकमेकांशी बोलतात आणि परवानगी असेल तर एक कॉपी लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जाते. एनपीआरवर मात्र त्यातली काही मिनिटंच लागतात, आणि ती कुठली हे अजूनही प्रोड्यूसरच ठरवतात.