‘आकृती पूर्ण करा’ या प्रश्नामागचा इतिहास

महाराष्ट्रात अलीकडे दहावी झालेल्या कोणत्याही मुलाला ‘आकृती पूर्ण करा’ हा प्रश्न ओळखीचा आहे. भाषेच्या प्रश्नपत्रिकेची कृतिपत्रिका झाली तेव्हापासून मधे एक गोल, भोवती चार चौकटी किंवा खाली उतरणारा ओघतक्ता घरोघरी पोचला. उताऱ्यातले शब्द शोधायचे, चौकटीत भरायचे, गुण मिळवायचे. शिक्षणशास्त्रात या मांडणीला ग्राफिक ऑर्गनायझर म्हणतात. तिची सुरुवात मात्र परीक्षेसाठी झाली नव्हती. सहावी ते आठवीच्या वर्गात भराभर वाचणारं मूल आणि जोडाक्षरावर अडखळणारं मूल एकाच बाकावर बसतात. त्या दोघांना ती उपयोगी पडते हे अमेरिकेतल्या शिक्षकांना आणि संशोधकांना उमगायला पाव शतकाहून अधिक काळ लागला.

गंमत म्हणजे या कल्पनेच्या मुळाशी आकृती नव्हतीच, आणि शाळकरी मुलंही नव्हती. डेव्हिड ऑसुबेल या मानसशास्त्रज्ञाने 1960 मध्ये कॉलेजच्या विद्यार्थ्यांना पोलादाच्या गुणधर्मांवरचा सुमारे 2,500 शब्दांचा मजकूर वाचायला दिला. काहींना त्याआधी साधारण 500 शब्दांची एक प्रस्तावना दिली होती. तिच्यात पुढच्या मजकुराचा सारांश नव्हता. ज्या मोठ्या कल्पनेखाली तो मजकूर बसतो, ती कल्पना होती. प्रस्तावना वाचलेल्यांच्या लक्षात मजकूर जास्त राहिला. शिकणाऱ्याला आधीपासून काय माहीत आहे यावरच नवं शिकणं सर्वांत जास्त अवलंबून असतं, हे ऑसुबेल आयुष्यभर सांगत राहिला.

पण शाळेत पाचशे शब्दांची अमूर्त प्रस्तावना कोण वाचणार? ज्याला मूळ धडाच वाचता येत नाही त्याच्यावर आणखी एक पान लादण्यासारखंच ते. 1960 च्या दशकाच्या अखेरीस सिरॅक्यूज विद्यापीठात हॅरॉल्ड हर्बर आणि त्यांचे सहकारी विज्ञान, इतिहास अशा विषयांच्या धड्यांचं वाचन कसं शिकवावं यावर काम करत होते. त्यांच्यातल्या रिचर्ड बॅरनने 1969 मध्ये प्रस्तावनेऐवजी धड्यातले महत्त्वाचे शब्दच घेतले आणि फळ्यावर वरून खाली, फांद्या काढून मांडले. मुख्य कल्पना वर, तिचे प्रकार खाली, उदाहरणं त्याखाली. मला हा या इतिहासातला सर्वांत मोलाचा क्षण वाटतो. विषयाची रचना समजण्यासाठी आता लांब वाक्यांतून वाट काढण्याची गरज उरली नाही.

तरीही खडू शिक्षकाच्याच हातात होता. काही वर्षांनी बॅरनने क्रम उलटा करून पाहिला. धडा आधी वाचायचा आणि शब्दांची मांडणी नंतर मुलांनीच करायची. 1984 मध्ये डेव्हिड मूर आणि जॉन रीडन्स यांनी तोवरच्या 23 अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा सरासरी फायदा लहानच निघाला. वाचनानंतर मुलांनी आकृती तयार केली तिथे मात्र तो जास्त होता. आधी आकृती काढून दिल्यावर शिक्षकांना आपली तयारी चांगली झाल्यासारखं वाटत होतं, हीही नोंद त्या आढाव्यात आहे. विचार जो करतो, शिकतो तोच. छापील आकृत्यांची वही विकत घेताना आपण नेमकं हेच विसरतो.

याच काळात कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हाक लहान मुलांना विज्ञान कसं कळत जातं याचा बारा वर्षं मागोवा घेत होता. मुलाखतींचा ढीग साचला आणि त्यातून मुलाची समज नेमकी कुठे बदलली ते सापडेना. म्हणून 1972 च्या सुमारास त्याच्या गटाने मुलांच्या बोलण्यातल्या कल्पना चौकटींत लिहून रेषांनी जोडल्या आणि प्रत्येक रेषेवर संबंध सांगणारा शब्द लिहिला. हाच संकल्पना नकाशा.

वेगवेगळ्या क्षमतेची मुलं या कथेत येतात ती कायद्यामुळे. 1975 मध्ये अमेरिकेत अपंगत्व असलेल्या प्रत्येक मुलाला मोफत आणि योग्य सार्वजनिक शिक्षणाचा हक्क देणारा कायदा झाला. शक्य तितकं इतर मुलांसोबतच शिकवावं, असंही त्यात होतं. अध्ययन अक्षमता असलेली, म्हणजे बुद्धी असूनही वाचणं, लिहिणं किंवा गणित जड जाणारी मुलं नेहमीच्या वर्गांत आली आणि अडचण माध्यमिक टप्प्यावर सर्वांत जास्त जाणवली. लहान वर्गांत गोष्टी असतात. सहावीपासून इतिहास, भूगोल, विज्ञानाचे माहितीने गच्च भरलेले धडे सुरू होतात. वाचायलाच सगळी शक्ती खर्च झाली, तर कोणती गोष्ट कशाचं कारण आणि कशाचा परिणाम हे डोक्यात धरून ठेवायला जागा उरत नाही. आकृती ते नातं कागदावर धरून ठेवते.

कॅन्सस विद्यापीठात डोनाल्ड डेशलर, जीन शूमेकर आणि जॅनिस बुलग्रेन यांनी याच मुलांसाठी काम केलं. 1988 च्या त्यांच्या अभ्यासात शिक्षक संपूर्ण वर्गासमोर, मुलांना विचारत विचारत, एक संकल्पना आकृती भरत गेले. या संकल्पनेत नेहमी काय असतं, कधी कधी काय असतं, कधीच काय नसतं, कोणतं उदाहरण बसतं आणि कोणतं बसत नाही. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांची कामगिरी सुधारली आणि इतरांचीही सुधारली. कमकुवत समजल्या गेलेल्या मुलासाठी केलेली सोय बाकीच्या वर्गाला मागे खेचत नाही, याचा असा पुरावा शिक्षकांच्या हाती आला.

पुढे 1990 च्या दशकात, स्वतः अनेक वर्षं शाळेत शिकवलेल्या कॅरल अ‍ॅन टॉमलिन्सन यांनी मिश्र क्षमतेच्या वर्गासाठी वेगवेगळ्या वाटा आखण्याचा विचार लोकप्रिय केला. त्यातून एकाच आकृतीच्या तीन प्रती करण्याची पद्धत रूढ झाली. एक अर्धी भरलेली, एक शब्दांची यादी सोबत असलेली, एक कोरी. पद्धत उत्तम आहे, पण तिच्यात एक धोका आहे. ज्या मुलाला जूनमध्ये अर्धी भरलेली प्रत मिळते, त्याला मार्चमध्येही तीच मिळत असेल तर आपण त्याच्यावर शिक्का मारला. आधार हळूहळू काढून घ्यायचा असतो.

आपल्याकडे महाराष्ट्र शासनाने 1996 पासून अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना परीक्षेत सवलती दिल्या. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने 6 ते 14 वयाच्या सगळ्या मुलांना वर्गात बसण्याचा हक्क दिला आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेला स्वतंत्र स्थान दिलं. म्हणजे अमेरिकेत 1975 नंतर उभा राहिलेला प्रश्न आपल्या वर्गांतही आहे. आकृत्याही आल्या, पण त्या आल्या मुख्यतः मूल्यमापनाच्या दारातून.

सातवीच्या इतिहासातलं अष्टप्रधान मंडळ घ्या. आठ नावं आणि आठ कामं पाठ करणं हा वाचनात मागे असलेल्या मुलासाठी छळच असतो. फळ्यावर राज्यकारभाराची कामं मांडा. हिशेब, सैन्य, परराज्यांशी संबंध, न्याय, धर्म, पत्रव्यवहार. एका मुलाच्या हाती अमात्य, सेनापती, सुमंत या नावांच्या पट्ट्या द्या आणि कामासमोर लावायला सांगा. दुसऱ्याला कोरा तक्ता द्या आणि पाठ्यपुस्तकातून भरू द्या. तिसऱ्याला विचारा की पंडितराव आणि न्यायाधीश सोडून बाकीच्या प्रधानांना युद्धावर जावं लागे, ते कोणत्या रेषेने दाखवशील? तिघांचा विषय एकच राहतो. मग तिघे आपापल्या आकृत्या शेजारी ठेवतात, तेव्हा पट्ट्या लावणारा मुलगाही ‘सुमंत इकडे का?’ या वादात पडू शकतो, कारण त्याच्याजवळ बोट ठेवून दाखवायला काहीतरी असतं. आणि या कामाला गुण द्यायची गरज नसते.