मानवरहित लष्करी हेलिकॉप्टर

मानवरहित लष्करी हेलिकॉप्टर : फिरत्या पात्यांच्या जोरावर हवेत उचलले जाणारे, आत वैमानिक नसलेले आणि जमिनीवरील किंवा जहाजावरील नियंत्रण कक्षातून, अथवा स्वतःच्या संगणकाच्या आधारे उडणारे लष्करी वापराचे हवाई वाहन. बोलण्याच्या ओघात त्यालाही ‘ड्रोन’ म्हणतात, पण फरक महत्त्वाचा आहे. लांब पंखांच्या ड्रोनला धावपट्टी किंवा प्रक्षेपक लागतो आणि हवेत टिकण्यासाठी सतत पुढे सरकावे लागते. चार-सहा पंख्यांचे बॅटरीवरील ड्रोन एका जागी थांबू शकते, पण त्याची भारक्षमता आणि पल्ला मर्यादित असतात. हेलिकॉप्टरची उपयुक्तता एका जागी थांबता येणे आणि आत माणूस नसणे, या दोन गुणांच्या जोडीत आहे. यांपैकी एकाच गुणाची गरज असेल तेथे इतर साधने बहुधा सरस ठरतात.

हवेत स्थिर राहणे खर्चिक असते. विमानाच्या पंखांना पुढे जाण्याच्या वेगातून उचल मिळते. हेलिकॉप्टरला मात्र हवा खाली ढकलून स्वतःच्या वजनाइतका जोर क्षणोक्षणी निर्माण करावा लागतो, आणि वजन वाढले की त्यासाठी लागणारी शक्ती वजनाच्या प्रमाणापेक्षाही अधिक वाढते. म्हणून येथे किलोकिलोचा हिशेब असतो. वैमानिक, त्यांच्या खुर्च्या, चिलखत आणि नियंत्रणदांडे काढून टाकले की त्या वजनाचे इंधन भरता येते. बेल ४०७ या प्रवासी हेलिकॉप्टरवरून अमेरिकी नौदलासाठी तयार केलेले एमक्यू-८सी फायर स्काउट दहा तासांहून अधिक काळ हवेत राहू शके, ते प्रामुख्याने यामुळेच. पात्यांचा वेग गरजेनुसार कमी-जास्त करणाऱ्या ए-१६० हमिंगबर्डने तर मे २००८ मध्ये इंधन न भरता सलग १८.७ तास उड्डाण केले. इतका वेळ एकाच खुर्चीत बसून सावध राहणे वैमानिकाला शक्य नसते. नियंत्रण कक्षातील माणसे मात्र पाळी बदलू शकतात.

या कल्पनेचा जन्म समुद्रावर झाला. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी विनाशिकांच्या (डिस्ट्रॉयर युद्धनौकांच्या) सोनारला, म्हणजे पाण्यातील आवाजांवरून शोध घेणाऱ्या यंत्रणेला, पाणबुडी इतक्या दुरून ऐकू येऊ लागली की जहाजावरील पाणतीर तेथवर पोहोचेना, आणि दुसऱ्या महायुद्धातील जुन्या विनाशिकांच्या डेकवर वैमानिकासह हेलिकॉप्टर उतरण्याइतकी जागा नव्हती. यावरचा उपाय म्हणजे एकाच अक्षावर पात्यांची दोन चक्रे एकमेकांच्या उलट दिशेने फिरवणारे, पाणतीर वाहणारे क्यूएच-५० डॅश. डिसेंबर १९६० मध्ये ते हेझलवूड या विनाशिकेवर मानवरहित उतरले. डेकवरील नियंत्रक ते डोळ्यांसमोर उचलत असे आणि नंतर जहाजाच्या आतील कक्षात रडारवर पाहणारा दुसरा नियंत्रक त्याचा ताबा घेत असे. सातशेहून अधिक यंत्रे बनली आणि त्यांतील निम्म्याहून अधिक नष्ट झाली, बहुतेक शत्रूच्या माऱ्यात नव्हे, तर बिघाडांमुळे. महत्त्वाच्या भागांना पर्यायी व्यवस्थाच नव्हती. एक सुटा भाग बिघडला की यंत्र समुद्रात जाई. तरीही व्हिएतनाम युद्धात याच यंत्राला कॅमेरा बसवून जहाजांच्या तोफांचे गोळे कुठे पडतात हे पाहिले गेले. ज्या कामासाठी ते बनले त्यापेक्षा हे काम त्याला अधिक मानवले, असे म्हणायला हरकत नाही.

नौदलांना या यंत्राचे आजही आकर्षण आहे ते जागेमुळे. ऑस्ट्रियात बनणारे कॅमकॉप्टर एस-१०० सुमारे २०० किलो वजनाचे असून त्याच्या चक्राचा व्यास ३.४ मीटर आहे. त्यामुळे गस्ती जहाजाच्या लहानशा डेकवरूनही ते उडू शकते आणि क्षितिजापलीकडील संशयित नौकेची छायाचित्रे पाठवू शकते. डेकवर उतरणे हा मात्र अवघड भाग. डेक वर-खाली होतो, कलतो, पुढेही सरकतो आणि जहाजाच्या बांधणीवरून येणारे वारे त्यावर भोवरे तयार करतात. संगणक डेकची हालचाल मोजत, तिच्याशी वेग जुळवत योग्य क्षणाची वाट पाहतो आणि यंत्र झटक्यात खाली टेकवतो. जानेवारी २००६ मध्ये फायर स्काउटची आरक्यू-८ए ही आधीची आवृत्ती नॅशव्हिल या जहाजावर कोणाही वैमानिकाच्या नियंत्रणाविना अशी उतरली.

रसदपुरवठ्यातला लाभ सर्वांत स्पष्टपणे अफगाणिस्तानात दिसला. तेथे दूरच्या चौक्यांना पाणी, अन्न आणि दारूगोळा पोहोचवणारे ट्रकांचे ताफे रस्त्यात पेरलेल्या स्फोटकांना सतत बळी पडत होते. अमेरिकी मरीन दलाने डिसेंबर २०११ पासून मे २०१४ पर्यंत के-मॅक्स या मालवाहू हेलिकॉप्टरची दोन मानवरहित यंत्रे तेथे वापरली. एकमेकांत गुंफून फिरणारी दोन चक्रे, अरुंद अंग आणि खाली लोंबणारा हुक अशी त्यांची घडण होती. एका यंत्राला सुमारे २,७०० किलो वजन टांगून नेता येई. बरीचशी उड्डाणे रात्री होत; चौकीवरील सैनिकांना अंधारात केवळ पात्यांचा आवाज ऐकू येई आणि जाळ्यात बांधलेला माल जमिनीवर टेकताच यंत्र माघारी वळे. या काळात सुमारे २,००० टन माल हलवला गेला. जून २०१३ मध्ये एक यंत्र कोसळले, पण आत कोणी नसल्याने जीवितहानी झाली नाही. यातून टळलेला धोका केवळ वैमानिकाचा नाही, ट्रकांच्या चालकांचा आणि रक्षकांचाही आहे. चर्चेत हा मुद्दा बऱ्याचदा निसटतो.

आकाराच्या दुसऱ्या टोकाला नॉर्वेत विकसित झालेले ब्लॅक हॉर्नेट आहे. ब्रिटिश सैन्याने अफगाणिस्तानात वापरलेली त्याची पहिली आवृत्ती सुमारे १० सेंटिमीटर लांब आणि जेमतेम १६ ग्रॅम वजनाची होती. सैनिक ते तळहातावरून सोडतो आणि हातातल्या पडद्यावर भिंतीपलीकडे काय आहे ते पाहतो. कोपऱ्यावर डोके काढून पाहण्याचा धोका त्यामुळे टळतो. मोहिमेची आखणी बदलणारी ही गोष्ट नसली, तरी गल्लीत चालणाऱ्या तुकडीसाठी तिचे मोल फार मोठे आहे.

मर्यादाही त्याच गुणांतून येतात. हळू आणि कमी उंचीवर उडणारे यंत्र सहज लक्ष्य होते : जून २०११ मध्ये लिबियावर टेहळणी करणारे एक फायर स्काउट गमवावे लागले. वैमानिकाचे प्राण वाचले, पण यंत्र स्वस्त नव्हते. आकार जितका वाढतो तितके ‘गेले तर जाऊ दे’ म्हणणे सेनापतीला कठीण जाते. नियंत्रणाचा रेडिओ दुवा किंवा जीपीएसचे संकेत शत्रूने जॅम केले, तर यंत्राला स्वतःहून परत येण्याइतकी समज द्यावी लागते. शिवाय वैमानिक नसला तरी देखभाल करणारे तंत्रज्ञ, सुटे भाग आणि कंपनांमुळे होणारी झीज हेलिकॉप्टरचीच असते. त्यामुळे ‘मानवरहित’ हा शब्द थोडा फसवा आहे. अमेरिकी नौदलाने फायर स्काउट सेवेतून काढून घेतले.

नवीन यंत्र घडवण्याऐवजी जुन्याच हेलिकॉप्टरला वैमानिकासह आणि वैमानिकाविना असे दोन्ही प्रकारे उडण्यास शिकवणे, हा अलीकडचा मार्ग आहे. सैनिकांना न्यायचे असेल तेव्हा पुढे वैमानिक बसतो. आग लागलेल्या किंवा माऱ्याखालच्या ठिकाणी फक्त माल टाकायचा असेल तेव्हा खुर्च्या रिकाम्या राहतात. ५ फेब्रुवारी २०२२ रोजी केंटकीतील फोर्ट कॅम्पबेल येथे यूएच-६० ब्लॅक हॉकच्या दोन वैमानिकांनी यंत्र धावपट्टीवर उतरवले, वैमानिकांची संख्या ठरवणारी, ‘दोन’ वर असलेली कळ ‘शून्य’ वर फिरवली आणि ते खाली उतरून चालते झाले. त्यानंतर हेलिकॉप्टरने स्वतःची तपासणी केली, इंजिने सुरू केली आणि रिकामेच उडून सुमारे अर्ध्या तासाने जमिनीवर परतले.