लेसर आणि पापणीचा भरवसा

"झोत डोळ्यावर आलाच तर पापणी आपोआप मिटते, एवढं काय घाबरायचं?" संशोधन प्रयोगशाळांमध्ये नव्या विद्यार्थ्यांच्या कानावर हे वाक्य हमखास पडतं. ते पूर्ण खोटं नाही, म्हणूनच जास्त घातक आहे.

पापणी मिटायला साधारण 0.25 सेकंद लागतात. लेसरचे धोक्यानुसार 1 ते 4 असे वर्ग पाडतात, 4 सर्वांत धोकादायक. त्यातल्या सतत झोत देणाऱ्या वर्ग 2 च्या लेसरची 1 मिलिवॉटची मर्यादा याच हिशोबाने ठरली आहे, आणि तीही फक्त दिसणाऱ्या प्रकाशासाठी, म्हणजे 400 ते 700 नॅनोमीटर. संशोधनात मात्र वर्ग 3बी आणि 4 चे लेसर सर्रास असतात. एनडी-याग या स्फटिकावर चालणाऱ्या लेसरचा 1064 नॅनोमीटरचा अवरक्त झोत तर दिसतच नाही. मग पापणी मिटणार कशाला? डोळा मात्र तो इमानेइतबारे दृष्टिपटलावर एकवटतो आणि तीव्रता सुमारे 1 लाख पटींनी वाढते. दृष्टिपटलाला वेदना कळत नाहीत. लेसरचा स्पंद, म्हणजे प्रकाशाचा एकेक क्षणिक झटका, काही नॅनोसेकंदांचा असेल तर पापणी हलायच्या कितीतरी आधी इजा होऊन गेलेली असते.

"गॉगल घातलाय ना!" हेही अर्धवटच. 532 नॅनोमीटरसाठीचा गॉगल 1064 चा झोत अडवेलच असं नाही. काचेच्या गडदपणावर जाऊ नका, छापलेली तरंगलांबी आणि ओडी, म्हणजे गॉगल प्रकाश किती अडवतो त्याचा आकडा, वाचा. ओडी 6 म्हणजे प्रकाश 10 लाख पटींनी कमी.

खरी जोखीम झोत जुळवताना, म्हणजे आरसे-भिंगं हलवून त्याची वाट नीट करताना, कारण नेमका तेव्हाच गॉगल कपाळावर चढतो. त्या वेळी शक्ती कमीत कमी ठेवावी, झोत परावर्तित करू शकणाऱ्या घड्याळ-अंगठ्या काढाव्यात आणि अदृश्य झोत डोळ्यांनी नव्हे, अवरक्त कार्डाने, म्हणजे असा झोत पडला की उजळणाऱ्या कार्डाने, शोधावा.