ट्रेलरचं वजन आणि ओढणाऱ्या गाडीचा जोर

ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे स्वतःचं इंजिन नसलेली, गाडीच्या मागं हुकाला अडकवून न्यायची चाकांवरची खोली. आत गादी, ओटा, पाण्याची टाकी, बऱ्याचदा संडास-बाथरूम पण. इंग्लंडात यालाच कॅरॅव्हॅन म्हणतात, आपल्याकडं मात्र कॅरॅव्हॅन म्हटलं की मिनीबसच्या आतच घर केलेलं असतं ते डोळ्यासमोर येतं. ही नोंद मागं ओढायच्या प्रकाराबद्दल आहे, आणि त्यातल्या पण एकाच प्रश्नाबद्दल, की कुठल्या गाडीमागं किती वजनाचा ट्रेलर लावायचा.

कोल्हापुरात हे कुणाला नव्यानं शिकवायला नको खरंतर. उसाचा सीझन सुरू झाला की रोज रस्त्यावर दिसतं, ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या, चढ आला की ट्रॅक्टरचं तोंड उचलायला लागतं, म्हणून पुढं लोखंडी वजनं अडकवलेली. त्याच्याही आधी बैलगाडीवाल्यांना हे पाठ होतं. गाडी मागं जास्त भरली की ती 'उलाळ' होते, म्हणजे धुरा वर उचलायला बघते आणि बैलांच्या गळ्याखालचा पट्टा आवळतो, आणि पुढं जास्त भरली की सगळं ओझं बैलांच्या मानेवर. गाडी भरणारा गडी मोळ्या टाकता टाकता मधनंच जू हातानं उचलून बघायचा. एसयूव्हीला ट्रेलर जोडणारा माणूस नेमकं हेच बघायचं विसरतो, तो इंजिन किती सीसीचं आणि टॉर्क किती एवढंच विचारतो.

आता हुकावरचं वजन, ज्याला अमेरिकेत टंग वेट आणि इंग्लंडात नोज वेट म्हणतात. पुढच्या चाकांना फिरती चकती असलेली चारचाकी ट्रॉली स्वतःचं वजन स्वतः उचलते, ट्रॅक्टरनं नुसतं ओढायचं. ट्रॅव्हल ट्रेलरचं तसं नसतं, त्याला दोन चाकं असूदेत नाहीतर मध्यभागी जवळजवळ बसवलेली चार, थोडं वजन पुढं हुकावर टेकलेलंच असतं आणि ते टेकलेलंच पाहिजे. अमेरिकी हिशोबात हे भरलेल्या ट्रेलरच्या 10 ते 15 टक्के धरतात. पिकअपच्या हौद्यात जोडायच्या फिफ्थ व्हील प्रकारात 15 ते 25 टक्के. युरोपात याच्यापेक्षा बरंच कमी धरतात, तिथल्या बऱ्याच गाड्यांच्या हुकाची मर्यादाच 75-100 किलोच्या आसपास असते, पण तिथं ट्रेलरवाल्यांचा वेग पण बांधलेला आहे, जर्मनीत खास परवानगी नसेल तर ताशी 80 किमी, आणि जड सामान चाकांच्या वरच ठेवायची शिस्त आहे. घोळ कुठं होतो, तर आपण व्हिडिओ बघतो अमेरिकी माणसाचा आणि हूक लावतो युरोपी बनावटीच्या गाडीला, मग 100 किलोच्या हुकावर 200 किलो बसतात आणि गाडी कशानं बसली म्हणून स्प्रिंगच्या पाट्यांना शिव्या.

गाडीचे आकडे बरेच असतात, त्यातले चार समजून घेतले तरी पुरे. कर्ब वेट म्हणजे रिकाम्या गाडीचं वजन. जीव्हीडब्ल्यूआर म्हणजे माणसं, सामान, डिझेल सगळं धरून त्या गाडीचं जास्तीत जास्त वजन, आणि या दोघांतला फरक म्हणजे पेलोड, गाडीच्या पाठीवर किती बसवता येतं ते. जीसीडब्ल्यूआर म्हणजे गाडी आणि ट्रेलर दोन्ही मिळून काट्यावर किती भरलं तर चालेल. चौथा, ओढायची क्षमता, हा जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतो आणि लोक फक्त तेवढाच वाचतात. ऑस्ट्रेलियात हायलक्सला ब्रेकवाल्या ट्रेलरसाठी 3,500 किलो असं लिहिलेलं असतं, ते खोटं नाही, पण त्या आकड्यापर्यंत पोचायच्या आधीच पेलोड संपतो हे तिथं त्या अक्षरात लिहिलेलं नसतं.

उदाहरणच घेऊ, आकडे समजायला सोपे धरलेत. एसयूव्हीचं कर्ब वेट 2,100 किलो, जीव्हीडब्ल्यूआर 2,700, म्हणजे पेलोड 600. चार माणसं 280 किलो, डिकीत आणि टपावर सामान 80 किलो, हुकाचा लोखंडी साचा 30 किलो. राहिले 210. हे 210 म्हणजेच हुकावर जास्तीत जास्त येऊ शकणारं वजन, आणि ते ट्रेलरच्या 11 टक्के धरलं तर भरलेला ट्रेलर 1,900 किलोच्या आसपासच पाहिजे. कागदावर 3,000 लिहिलेलं असलं तरी. दोन्ही मिळून काट्यावर किती भरतील तर 2,700 अधिक 1,690, कारण ट्रेलरचे 210 किलो गाडीच्या चाकांवर आधीच मोजलेत, ते परत मोजायचे नाहीत, इथं लई जण चुकतात. बेरीज 4,390, जीसीडब्ल्यूआर याच्या वर असलं म्हणजे ठीक. पाचवा माणूस बसला की त्याचे 70 किलो हुकाच्या वाट्यातनं जाणार, आणि ट्रेलरला त्याच्या जवळजवळ नऊपट, 600 किलोंच्या वर, फटका. पाहुणा महागात पडतो म्हणतात ते इथं शब्दशः खरंय.

शिवाय हुकावरचे 200 किलो गाडीला 200 सारखे वागत नाहीत. हूक मागच्या एक्सलच्या मागं सव्वा मीटरभर लांब असतो, म्हणजे ती तरफ झाली. 2.75 मीटर व्हीलबेस आणि 1.2 मीटर मागं हूक धरला तर मागच्या एक्सलवर 200 नाही, 287 किलो वाढतात आणि पुढच्या चाकांवरचे 87 किलो कमी होतात. म्हणून मग मागून गाडी बसते, हेडलाइट झाडांच्या शेंड्यांवर पडतात, आणि स्टिअरिंग हलकं लागतं, नव्या माणसाला वाटतं की वा, किती सॉफ्ट चालतेय. वेट डिस्ट्रिब्युशन हिच म्हणून एक प्रकार असतो, त्याच्या स्प्रिंगच्या दांड्या हे वजन परत पुढच्या चाकांवर आणि थोडं ट्रेलरच्या चाकांवर ढकलतात. पण त्यानं गाडीची मर्यादा वाढत नाही. स्प्रिंगच्या मदतीला लावतात ती हवेची पिशवी (एअर बॅग) किंवा जादा पाटा घालून पण नाही, गाडी सरळ दिसते एवढंच.

ओढायची क्षमता पूर्वी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीनं ठरवायची. 2008 मध्ये अमेरिकेत एसएई या वाहन इंजिनिअरांच्या संस्थेचं जे 2807 हे मानक आलं. त्यातली चढाची परीक्षा ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या घाटावर बेतलेली आहे, सुमारे 18 किलोमीटरचा चढ, बाहेर 38 अंशांच्या वर ऊन, एसी फुल्ल, आणि साध्या पिकअपचा वेग ताशी 64 किलोमीटरच्या खाली जाता कामा नये. गाडीत ड्रायव्हर आणि एक सोबती धरतात, प्रत्येकी 68 किलो. बास. टपावर बॅगा नाहीत, पोरं नाहीत, गावाकडनं आणलेलं तांदळाचं पोतं तर नाहीच नाही.

खेचायला तसं फार लागत नाही हे पण खरंय. 1947 मध्ये एअरस्ट्रीम कंपनीनं आल्फ्रेड लतूर्नर या फ्रेंच सायकलपटूकडनं ट्रेलर सायकलला बांधून ओढवून घेतला होता, फोटो प्रसिद्ध आहे. सपाट रस्त्यावर चाक फिरतं हो. 6 टक्के चढावर, म्हणजे 100 मीटरला 6 मीटर वर, मात्र वर धरलेल्या 4,390 किलोंचा 6 टक्के भाग, म्हणजे 263 किलोंइतका जोर, नुसता गुरुत्वाकर्षणाविरुद्ध लागतो, वारा वेगळा. आणि उतरताना तोच जोर पाठीमागनं ढकलतो, गगनबावड्यापुढं कोकणात उतरणारा घाट असो की आंबा घाट, तिथं इंजिन किती मोठं याला काही अर्थ राहत नाही, ब्रेक किती थंड राहतात याला राहतो. खालचा गिअर टाकून हळू उतरायचं, ब्रेकवर पाय ठेवून नाही. ट्रेलरला स्वतःचा ब्रेक पाहिजे तो यासाठी. युरोपात बिनब्रेकचा ट्रेलर 750 किलोपर्यंत किंवा गाडीच्या वजनाच्या निम्मा, यातलं जे कमी तेवढाच चालतो.

हुकावर वजन कमी पडलं की ट्रेलर शेपटी हलवायला लागतो, याला स्वे म्हणतात. बाजूनं व्होल्वो गेली की झोत बसतो आणि झोके सुरू, वेग जास्त असेल तर वाढतच जातात. त्यावेळी गाडीचा ब्रेक दाबायचा नाही, ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं, ट्रेलरचा ब्रेक वेगळा मारायची सोय असेल तर तो मारायचा.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा 1988 मध्ये ट्रेलरची स्वतंत्र व्याख्या आहे आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडला कलम 194 खाली 20,000 रुपये दंड, वर जादा प्रत्येक टनाला 2,000. आपल्याकडच्या मॅन्युअलमध्ये टोइंगचा आकडाच नसेल तर परदेशातल्या त्याच नावाच्या मॉडेलचा आकडा उचलू नये, तिथं रेडिएटर, पाटे, गिअरबॉक्स वेगळे असू शकतात. बंद पडलेली गाडी टोचन लावून गॅरेजपर्यंत आणली म्हणजे ट्रेलर पण ओढेल, हा हिशोब नाही.

वजन मोजायला आपल्याकडं सोय भरपूर आहे, महामार्गावर जागोजागी वजनकाटे. पद्धत अशी की आधी माणसं-सामान भरलेली नुसती गाडी काट्यावर घ्यायची, मग ट्रेलर जोडून फक्त गाडीची चाकं काट्यावर आणि ट्रेलर बाहेर, मग सगळंच काट्यावर. दुसऱ्यातनं पहिलं वजा केलं की हुकावरचं वजन, तिसऱ्यातनं पहिलं वजा केलं की पूर्ण ट्रेलर. मोठा काटा 10-20 किलोच्या टप्प्यानं दाखवतो हे ध्यानात ठेवायचं. घरी करायचं तर एक मजबूत फळी घ्या, एक टोक विटेवर, दुसरं वजनाच्या काट्यावर, ट्रेलरचा दांडा विटेपासून 1 फुटावर आणि काट्यापासून 2 फुटांवर टेकवा, दिसेल त्याला तीननं गुणा. नुसती फळी ठेवल्यावर काटा जे दाखवतो ते गुणायच्या आधी वजा करायचं.

एका ओळखीच्यांनी उद्यमनगरात छोटा ट्रेलर बनवून घेतलेला, एक एक्सल, ब्रेक नाही. त्यांच्या मते वजन 600. काट्यावर गेलो तर गाडी एकटी 1,780, जोडून 1,800, सगळं मिळून 2,620. म्हणजे ट्रेलर 840 आणि हुकावर फक्त 20, चांगलाच उलाळ. फॅब्रिकेटरनं सांगितलेले 600 हे पत्रा आणि अँगलचे होते, गादी, सिलिंडर, मागच्या टोकाला बसवलेली इन्व्हर्टरची बॅटरी, चाकांच्या थोडी मागं 120 लिटरची भरलेली टाकी हे कुणी धरलंच नव्हतं. भरलेला घरगुती सिलिंडर एकटाच 30 किलोच्या आसपास जातो. तिथंच टाकीचा कॉक सोडला, काट्याच्या बाहेर चिखल केला म्हणून ओरडा खाल्ला, बॅटरी काढून पुढच्या कोपऱ्यात दोरीनं बांधली आणि परत काट्यावर. जोडून 1,870, सगळं मिळून 2,500. ट्रेलर 720, हुकावर 90, साडेबारा टक्के. काटेवाल्यानं दुसऱ्या पावतीचे पण पूर्ण पैसे घेतले.